अठरा गुंठे राता

मोठीखार गावात सत्यवती घरतला मूर्ख म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांत पहिला नंबर तिच्या पोटच्या पोराचा. पण ती मूर्ख नव्हती. आयुष्यात एकच चूक तिने केली. शहरातल्या माणसांच्या रविवारला ती गावकी समजली. तेवढ्या एका चुकीची शिक्षा मात्र तिला इतकी चोख मिळाली, की खुन्याचंसुद्धा एवढ्यात भागलं असतं.

बाप मिठागरावर राबायचा. मिठाने पायांना भेगा पडलेल्या घरात ती जन्मली आणि एकोणिसाव्या वर्षी पनवेलच्या खाडीकाठी मोठीखारला धर्मराज घरतच्या घरी नांदायला आली. या गावाची सगळी शेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. समुद्र आणि भात यांच्या मधे काय, तर मातीचा एक बांध. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणायचं, आणि खांड पडली की गावकीचा नियम लागू व्हायचा. घरटी एक माणूस. शेत कोणाचंही असो, माणूस प्रत्येक घरातून. आज तुझ्या खांडीवर मी, उद्या माझ्या खांडीवर तू. दिवस ठरवायचा तो तिथी बघून. अष्टमीच्या आसपास समुद्र मरगळतो, भरती धड चढत नाही. त्याला खाडीकाठी भांग म्हणतात. खांड बुजवायची ती भांगात. आवस-पुनवेला समुद्राला उधाण येतं, तेव्हा खांडीच्या जवळही फिरकायचं नाही. कोणाचं लग्न असो की मयत, भांगाचा दिवस बदलत नसे.

लग्नाला तीन वर्षं झाली असतील. खांड पडली आणि धर्मराज तापाने फणफणला होता. घरटी एक माणूस म्हणून सत्यवती गेली. पुरुष फिदीफिदी हसले. हातोहात येणारे चिखलाचे गोळे घेत ती खांडीच्या तोंडाशी छातीभर चिखलात उभी राहिली आणि शेवटचा गोळा बसेपर्यंत हलली नाही. त्या दिवसानंतर हसणाऱ्यांनीच तिला खांडवाली असं नाव ठेवलं. ते नाव तिला साडीचोळीपेक्षा प्रिय होतं.

पुढे जमिनी गेल्या. काही न्हावा शेव्याच्या रस्त्यांना गेल्या, काही नव्या शहराला. पैसा आला. मातीच्या घराचा तीन मजली बंगला झाला, धर्मराज दारूने आणि मधुमेहाने गेला, आणि मुलगा निकेशने चार डंपर आणि एक पोकलेन घेतला. तिकडचे डोंगर फोडायचे आणि इकडच्या खारीत, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, भराव टाकायचा, हा त्याचा धंदा. गावातल्या निम्म्या तरुणांचा तोच. घरत कुटुंबाकडे शेत म्हणून उरले होते खाडीच्या वळणावरचे अठरा गुंठे. ते धर्मराजने शहाणपणाच्या एखाद्या दिवशी बायकोच्या नावावर केले होते, म्हणून वाचले.

त्या अठरा गुंठ्यांत सत्यवती राता लावायची. राता म्हणजे खारीतला लाल भात. खाऱ्या मातीत तो येतो, पण खाऱ्या पाण्यात मरतो. गावात राता लावणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं, बी दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. एका श्रावणातल्या पुनवेच्या उधाणाने तिच्या शेतासमोर बारा हात खांड पाडली आणि पोटरीला आलेला, लोंबी फुटायच्या बेतातला भात आठ दिवसांत पिवळा पडून झोपला. घरात आदल्या वर्षीचं बी होतं. राख आणि निरगुडीचा पाला घालून निळ्या ड्रममध्ये ठेवलेलं. भाताचं बी दोन पावसाळे दम धरतं, तिसऱ्याला रामराम. एक पावसाळा गेला होता. येत्या पावसाळ्याआधी खांड बुजली, तर पहिला पाऊस मातीतला खार धुऊन काढणार आणि राता पेरता येणार. नाही बुजली तर बी संपलं. सत्यवतीच्या डोक्यात शिमग्यापर्यंत दुसरा विचार नव्हता.

तिने आधी निकेशला विचारलं. त्याचा पोकलेन बंगल्याच्या दारात उभा होता.

"एक सकाल दे तुजा पोकलेन. बारा हात खांड हाय, तासाभराचं काम."

निकेश मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "सही दे. खांडच काय, आख्खा शेत भरून सपाट करतो. गोडाऊनवाला तयार बसलाय."

"भराव नको. राता लावाचा हाय."

"आये, अठरा गुंठ्यांत किती भात होतो? चार पोती. मी तुला दहा पोती बासमती आनून टाकतो दारात."

"मना बासमती नको."

"मग बस बोंबलत," निकेश म्हणाला आणि पोकलेनची चावी त्याने तिच्यादेखत खिशात टाकली.

मग ती गावात फिरली. घरटी एक माणूस मागायला ती बत्तीस दारं चढली. लोकांनी खुर्ची दिली, थंड पेय दिलं, गुडघ्यांची चौकशी केली. "वहिनी, आमची शेतंच गेली, आता बांद कोनाचा?" एकाने विचारलं. ज्याच्या खांडीवर ती तापलेल्या नवऱ्याला घरी ठेवून गेली होती, त्या घरातल्या सुनेने आतूनच सांगितलं की घरात कोणी नाही, आणि आत टीव्हीवर कोणीतरी खो खो हसत होतं. सरकारी कार्यालयात गेली तर साहेब म्हणाला, कागदावर त्या बाजूला आता शेतीच दिसत नाही. बत्तीस घरांतून एकटा रामू तयार झाला. तो पंचाहत्तरचा, आणि त्याला दमा.

आता उरले रविवारवाले.

हे रविवारवाले म्हणजे 'हिरवा रविवार' नावाचा पनवेलचा एक गट. नोकरदार माणसं, मुंबई-पुण्याहून येऊन इथे फ्लॅट घेतलेली. दर रविवारी कुठेतरी श्रमदान करायचं. म्होरकी रुचिरा, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड आणि मनाने वाईट नाही. तिच्या जोडीला सत्यजीत, ज्याच्या मोबाइलमध्ये पक्षी, झाडं, वारा, भरती सगळ्याचं ॲप होतं. ही मंडळी दीड वर्षापूर्वी मोठीखारचं तळं साफ करायला आली होती. हातमोजे घालून एकेक जलपर्णी चिमटीत धरून काठावर ठेवत होती आणि दर दहा मिनिटांनी फोटो काढत होती. सत्यवती काठावर बसून बघत होती. तिला ते बघवेना. तिने साडीचा काचा मारला, पाण्यात उतरली आणि दुपारपर्यंत तळ्याचा एक कोपरा एकटीने मोकळा केला.

"काकू, तुम्ही पुढच्या रविवारी याल का आमच्याबरोबर?" रुचिराने विचारलं.

सत्यवतीला या वयात कोणी कामाला बोलावलं नव्हतं. त्यानंतर एक रविवार तिने चुकवला नाही. सकाळी सहाला नाक्यावर उभी राहायची, गटाची गाडी तिला उचलायची. गाढी नदीच्या काठचं प्लास्टिक तिने वेचलं. प्रबळगडाच्या पायथ्याशी झाडांसाठी खड्डे खणले. बाकीचे दोघांत एक खणायचे, ती एकटी बारा. कर्नाळ्याच्या वाटेवरची वेफर्सची पाकिटं गोळा केली. कोणाच्या हाताला फोड आला तर हळद लावली. सगळे तिला 'आपल्या काकू' म्हणायचे, आणि तिच्या मनात मात्र एक वेगळाच हिशेब पक्का होत होता. त्यांच्या कामावर ती दर रविवारी घरटी एक माणूस देत होती. म्हणजे तिच्या खांडीवर ते येणार. ही गोष्ट बोलून दाखवायची असते, हे तिला ठाऊकच नव्हतं. गावकीत कोणी ती बोलून दाखवत नसे.

तरी तिने सांगितलं. ऐकताना रुचिराचे डोळे भरून आले.

"काकू, तुमच्यासाठी आम्ही नाही येणार तर कोण येणार?"

दिवस ठरला. गुड फ्रायडेनंतरचा रविवार, त्या दिवशी चैत्रातली वद्य अष्टमी लागत होती. सत्यवतीने भांग म्हणजे काय ते समजावलं, रुचिराने ते वहीत लिहून घेतलं, सत्यजीतने ॲप बघून सांगितलं की ओहोटी ऐन दुपारी बाराला, झक्कास. सत्यवतीने त्या दिवसापासून बांबू जमवले, पेंढा आणला, रामूला दम्याचं औषध आणून दिलं. निळा ड्रम उघडून मूठभर राता हातात घेतला आणि परत ठेवला. सून म्हणाली, सासूबाई रात्री झोपेत गुणगुणत होत्या.

गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला. गुड फ्रायडे, शनिवार, रविवार अशी जोडून सुट्टी आली होती हे मंडळींच्या उशिरा लक्षात आलं होतं. कोणी अलिबागला, कोणी महाबळेश्वरला. चाळिसांतले सहाच येऊ शकत होते. 'श्रमदान आठ दिवस पुढे ढकलत आहोत,' आणि खाली हात जोडल्याचं चित्र.

आठ दिवस. ऑफिसातल्या माणसाला आठ दिवस म्हणजे काहीच नाही. खाडीला आठ दिवसांत भांगाचं उधाण होतं. सून निरोप वाचून दाखवत असतानाच सत्यवतीने चपला घातल्या, रिक्षा पकडली आणि नवीन पनवेलला रुचिराचं दार वाजवलं. सत्यजीत तिथेच कॉफी पीत बसला होता.

"बाय, त्या रविवारी आवस हाय. उधानाची भरती. खांड नाय बुजाची."

सत्यजीतने ॲप उघडलं. "काकू, उलट चांगलं आहे. बघा, त्या दिवशी पाणी जास्त खाली जातंय. सकाळी साडेसहाला एकदम कमी."

"जेवढा खाली जातंय ना, तेवढाच वर येतंय. बाराला बांद बुडंल. त्याच्या फुडच्या रविवारी या, परत भांग हाय."

रुचिराने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, त्या रविवारी निम्मे लोक गावी, लग्नाला. आणि आत्ता ठरवलेल्या रविवारी कंपनीचे लोक येणार आहेत, टी-शर्ट छापून झालेत, बस ठरलीय. आता बदललं तर थेट जूननंतर बघावं लागेल. मग कॅन्सल करू का?"

जून म्हणजे पाऊस. सत्यवती कोचाच्या कडेवर बसली होती, पाय पायपुसण्यावर ठेवून.

"नको. या," ती म्हणाली. "पन पाचला या. पहाटं पाचला."

"नक्की," रुचिरा म्हणाली, आणि म्हणताना ती खोटं बोलत नव्हती. विसरणार होती, एवढंच.

इथे सत्यवतीने पाय रोवायला हवा होता. तिच्याइतकं कोणाला कळत होतं? पण नाही म्हटलं तर कोणीच येणार नाही, या भीतीपुढे चाळीस वर्षांचं शहाणपण शेपूट घालून बसलं.

त्या रविवारी पहाटे चारला ती आणि रामू खांडीवर होते. पाणी उतरत होतं. साडेसहाला खांडीचा तळ उघडा पडला, आणि दोघांनी मिळून बांबूच्या दोन रांगा ठोकल्या. सात वाजले, साडेसात वाजले. पाण्याने तोंड फिरवलं. आठ वाजून दहा मिनिटांनी बस आली.

चाळीस माणसं उतरली, हिरव्या टी-शर्टांत. गोल करून उभी राहिली. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि निसर्ग म्हणजे आपल्यासाठी काय ते एका वाक्यात. एक वाक्य कोणालाच पुरलं नाही. मग हातपाय मोकळे करायचे व्यायाम, मग पोहे. सत्यवती खांडीत उभी राहून हाका मारत होती, आणि रुचिरा प्रेमाने ओरडत होती, "काकू, आधी दोन घास खाऊन घ्या!"

बांबूंच्या मधे चिखल धरून ठेवायला तिवराच्या फांद्या लागतात. तिवर म्हणजे खाडीत उगवणारी खारफुटी. बाजूला तिवरांचं रान होतं. सत्यवतीने कोयता उचलला तर सत्यजीत धावत आला. "काकू, मॅन्ग्रोव्ह तोडणं गुन्हा आहे! एक फांदीसुद्धा नाही." फांद्यांऐवजी त्याने जुन्या कार्यक्रमांचे फ्लेक्स दिले.

सव्वानऊला माणसांची रांग लागली. खोटं कशाला बोला, दीड तास त्यांनी जीव तोडून काम केलं. चिखल बघून पहिल्यांदा किंचाळले, मग हसले, मग गप्प होऊन गोळे पुढे देत राहिले. सत्यवती खांडीच्या तोंडाशी, तिच्या शेजारी रामू. भिंत कमरेएवढी आली. पाणी बाहेरून घोट्याला लागलं, मग पोटरीला. अजून दोन हात माती चढली असती तर कदाचित, कदाचित भागलं असतं. सत्यवतीला तसं वाटायला लागलं होतं. तिच्या तोंडावर बावीस वर्षांच्या पोरीचं हसू आलं होतं, असं रामू नंतर सांगे.

पावणेअकराला कंपनीचा साहेब आला. त्याला दुपारी दुसरीकडे जायचं होतं. बॅनर धरून बांधावर सगळ्यांचा फोटो हवा होता.

"दहाच मिनिटं हं, काकू," रुचिरा म्हणाली.

रांग मोडली. गावकीत खांडीवरची रांग मोडत नाहीत; माणूस तहानेने पडला तरी त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, मगच त्याला बाहेर काढतात. चाळीस माणसं बांधावर जाऊन दाटीवाटीने उभी राहिली, उंच मागे, बुटके पुढे. एकाने डोळे मिटले म्हणून फोटो परत काढला. खाली खांडीत एक बासष्ट वर्षांची बाई आणि एक दम्याचा म्हातारा, दोघांचे मिळून चार हात.

पाणी भिंतीवरून आलं नाही, फ्लेक्सखालून आलं. आधी बोटभर, मग मनगटाएवढं, मग सगळी भिंत एकदम आत बसली. तुटलेला बांबू रामूच्या बरगडीत शिरला. सत्यवतीने त्याला एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने खुंटा धरला, आणि तोंडाने ती रविवारवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागली. "या रं मुडद्यांनो! फोटू काय चाटाचा हाय तुमाला? या! मी तुमच्या खड्ड्यांना आयलो व्हतो का नाय? या!" तिचा पदर वाहून गेला होता, केस चिखलात माखले होते, आणि बांधावर कोणाचा तरी मोबाइल चालू होता.

ते आले, नाही असं नाही. दोघांना ओढून बाहेर काढलं, रामूला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, बिलही भरलं. पण खांड बाराची तीस हात झाली होती. दीड वाजता बस निघाली, कारण शेतघरावर जेवण सांगून ठेवलेलं होतं. संध्याकाळी रुचिराने गटावर लिहिलं की निसर्गापुढे आपण किती छोटे आहोत हे आज शिकलो. त्याखाली बावन्न बदाम. चित्रफीत मात्र कोणीतरी वेगळीच पसरवली. चिखलातली म्हातारी शिव्या देतेय, पाठीमागे विनोदी संगीत. पनवेलच्या एसटी स्टँडवरच्या चहावाल्यापासून मोरा बंदरापर्यंत सगळ्यांनी ती बघितली. निकेशनेही बघितली आणि घरी येऊन आईला दाखवली.

"घे. फेमस झालीस," तो म्हणाला. "मी दिला असता पोकलेन, पन तुला लोकं पायजे व्हती ना?"

सत्यवतीने पूर्ण बघितली. मग मोबाइल त्याच्या हातात परत दिला आणि उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

पावसाळा आला. गोडं पाणी वरून पडलं, खारं पाणी समोरून आलं. तिने पेरलं नाही. बियांचा दुसरा पावसाळा असा गेला. भाद्रपदात तीस हातांच्या खांडीतून तिवराच्या शेंगा तरंगत शेतात आल्या आणि चिखलात रुतून बसल्या. थंडी पडेपर्यंत त्यांना चार-चार पानं फुटली. सत्यवती रोज सकाळी जाऊन ती उपटायची, भातातलं तण उपटावं तशी, ओळीने. एका सकाळी पक्षी बघायला आलेल्या सत्यजीतने तिला पाहिलं. तो कळवळला.

"काकू, असं करू नका. तुम्हाला माहीत नाही, पण यात केस होते. आणि बघा ना, निसर्गाने स्वतःहून किती सुंदर भरपाई केलीय."

त्याने फोटो काढले, वर पाठवले. पंधरा दिवसांत सरकारी माणसं आली, फीत लावून मोजणी झाली, आणि अठरा गुंठ्यांवर कांदळवन, म्हणजे खारफुटीचं रान, म्हणून पाटी लागली. तोडण्यास, भराव टाकण्यास, बांध घालण्यास मनाई. गोडाऊनवाला त्याच दिवशी निकेशचा फोन घेईनासा झाला. निकेशने बंगल्याच्या दारातली तुळस लाथेने उडवली.

"आता ना तुजा भात, ना माजा भराव," तो म्हणाला. "बस तिवराचा पाला चघलत. तो पन तोडलास तर आत टाकतील तुला."

आणि मग माघातल्या एका रविवारी सत्यवतीचा सत्कार ठरला.

कार्यक्रम तिच्याच शेतात होता. तिवरं अजून लहान होती आणि मधल्या उघड्या पट्ट्यात खुर्च्या मांडता येत होत्या. सकाळी पाणी उतरलेलं, चिखल बऱ्यापैकी कडक. रुचिरा तिला घ्यायला गाडी घेऊन स्वतः आली. खांडीपाशी पोचल्यावर तिने सत्यवतीचे दोन्ही हात हातात घेतले.

"काकू, मागच्या वेळी तुमचं ऐकलं नाही, त्याची अजून लाज वाटते. या वेळी तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही. पाणी किती वाजता भरेल?"

सत्यजीत खिशातून मोबाइल काढायला लागला.

"ॲप काय बघतोस? काकू आहेत ना," रुचिरा म्हणाली, आणि त्याने तो परत ठेवला.

त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. साडेबाराला उधाणाची भरती. सत्यवतीने खाडीकडे पाहिलं, मग शंभर खुर्च्यांकडे, आवाजाच्या पेट्यांकडे, आतल्या सखल रस्त्यावर लावलेल्या गाड्यांकडे.

"आज भांग हाय, बाय," ती म्हणाली. "बिनधास्त बसा. घोट्याला पन पानी लागनार नाय."

पाण्याच्या बाबतीत ती जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली. तिचा आवाज अजिबात हलला नाही.

भाषणं झाली. शाल आली, नारळ आला, 'कांदळवन सखी' असं लिहिलेलं मानपत्र आलं. तिच्या हातात तिवराचं एक रोप दिलं आणि ते लावायला सांगितलं, तिच्या स्वतःच्या शेतात, जिथे खाचराचा कोपरा होता आणि बियाची पहिली मूठ दर वर्षी पडायची त्याच जागी. तिने लावलं. बोटांना सवय होती, त्यांनी ते सरळ लावलं. टाळ्या झाल्या. ती खुर्चीवर परत येऊन बसली, हात मांडीवर ठेवले आणि वाट बघायला लागली. धर्मराज गेल्यापासून ती इतकी खुश नव्हती. आज बोंबला, ती मनात म्हणत होती, आज मी बांधावर उभी राहून बघते.

बाराच्या सुमाराला पाणी मागच्या खुर्च्यांखाली आलं. कोणीतरी किंचाळलं. माणसं उठली, खुर्च्या आडव्या झाल्या, बॅनर एका बाजूने सुटून पाण्यात लोळायला लागला. एक पेटी फटकन बंद पडली. सत्यवती ताठ बसून होती, पाणी तिच्या घोट्यावर चढत होतं. मग तिला पहिलं हसू ऐकू आलं. मग दुसरं. बुटं डोक्यावर धरून माणसं हसत होती. एकमेकांचे हात धरून पाण्यात उभी राहून फोटो काढत होती. एक पोक्त गृहस्थ धोतर गुडघ्यावर घेऊन नाचत होते. रुचिरा मांडीपर्यंत भिजलेली, पाणी तुडवत आली आणि तिने सत्यवतीला घट्ट मिठी मारली.

"काकू! तुम्ही मुद्दाम केलंत ना हे? सांगून समजलं नसतं, म्हणून दाखवलंत! इतकं मोठं शिक्षण आम्हाला कोणी दिलं नव्हतं." आणि वळून ओरडली, "काकूंसाठी जोरदार टाळ्या!"

शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. गाड्यांची इंजिनं भिजली, ती विम्यात भरून आली.

दुसऱ्या दिवशी सत्यवतीने निळा ड्रम खाली उतरवला. राख पाखडली, निरगुडीचा पाला वेचून टाकला, आणि त्यातला पसाभर भात घरच्या जुन्या उखळात कांडून सडला. लाल तांदूळ निघाला, लांब आणि लख्ख. जुना तांदूळ मोकळा शिजतो. बी ठेवून ठेवून इतकं जुनं झालं होतं, की भाताचं शीत न् शीत वेगळं झालं.

दुपारी निकेश जेवायला आला. पहिल्या घासाला थांबला.

"आये, हा भात कुठचा? चव कसली हाय! कुठून आनलास?"

"घरात व्हता."

"अजून हाय?"

"हाय. डरम हाय भरून."

"मग संपेपर्यंत हाच कर रोज," निकेश म्हणाला आणि ताट पुढे सरकवलं.

सत्यवतीने त्याला आणखी भात वाढला.